चार चेलो आणि एक भूप : मांडणी कशी करू?

खर्जवेडी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचत होते. आज अडले म्हणून धागा काढतेय.

सोलापुरात सात रस्त्याजवळ माझा व्हायोलिनचा छोटा क्लास आहे. गेल्या चार वर्षांत त्यात चेलो, म्हणजे व्हायोलिनचं मोठं, खालच्या आवाजाचं भावंड, शिरला आणि आता आम्ही चौघं चेलो वाजवणारे आहोत. मी, रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका, बी.एस्सी.ला असलेली एक मुलगी आणि सातवीतला एक मुलगा. मुलाचा चेलो पाऊण मापाचा, बाकी तिघांचे पूर्ण.

माझ्या गुरुजींना जाऊन या जानेवारीत दहा वर्षं होतील. ते व्हायोलिन वाजवायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला पहिली सरगम भूप रागातली द्यायचे. मध्यलय तीनताल, एका आवर्तनाची स्थायी, एका आवर्तनाचा अंतरा. शेवटच्या आजारपणात त्यांचं बोलणं बंद झालं होतं, तेव्हा मी उशाशी बसून हीच वाजवली होती आणि त्यांनी चादरीवर बोटाने सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दाखवली होती. ती सरगम चार चेलोंवर बसवायची आहे.

मी मांडणी अशी केली : पट्टी पांढरी एक, म्हणजे सी हा सूर सा. सुरावट पहिल्या चेलोवर, खालून दुसऱ्या म्हणजे 'जी' तारेवरच्या सा पासून वर. दुसऱ्या-तिसऱ्याला तिच्याखाली कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन सूर), चौथ्याला खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा. संगणकावर लिहून ऐकलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. रविवारी प्रत्यक्ष वाजवलं तर नुसता गाळ. एकेकाचे सूर वेगळे तपासले, सगळे बरोबर. पण चौघं एकत्र आले की सुरावट बुडते, आणि गंधार तर ऐकूच येत नाही. भूपात गंधारच ऐकू आला नाही तर उरलं काय?

पट्टी बदलू का? सुरावट वर नेऊ का? कॉर्ड चुकताहेत का? ज्यांनी असं काही बसवलंय त्यांनी कृपा करून सविस्तर सांगा.

शेंगाचटणी

सोलापुरात चार चेलो! गावात एक असेल असंही मला वाटलं नव्हतं. प्रश्नातलं काही कळत नाही, पण कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसणार. भाकरी-चटणी माझ्याकडून.

पश्चिमवारा

ताई, पहिल्यांदा हे सांगतो की नुसत्या चेलोंचा संच ही काही विचित्र कल्पना नाही. जर्मन चेलोवादक युलिउस क्लेंगेलने १९२० मध्ये बारा चेलोंसाठी 'हिम्नुस' लिहिलं. बर्लिन फिलहार्मोनिकच्या बारा चेलोवादकांनी १९७२ मध्ये तेच एकत्र वाजवलं आणि त्यातून त्यांचा स्वतंत्र संच उभा राहिला. ब्राझीलचा संगीतकार व्हिला-लोबोसने 'बाखियानास ब्राझिलेइरास'मधला पहिला भाग चेलोंच्याच वाद्यवृंदासाठी लिहिलाय (१९३०), आणि पाचव्यात आठ चेलो आणि एक स्त्रीचा आवाज आहे. चेलोचा पल्ला माणसाच्या खर्जापासून बाईच्या वरच्या आवाजापर्यंत जातो, म्हणून हे जमतं.

तुमचा गाळ कुठून येतोय ते मात्र वाचताक्षणी कळलं. खालच्या सप्तकात जवळजवळचे सूर ठेवलेत. सगळ्यात खालच्या सी तारेवरचा सा आणि त्याच्या लगेच वरचा ग एकत्र वाजवून बघा, गुरगुरल्यासारखं होतं. खाली सूर लांब लांब ठेवायचे. सा, मग प, मग वरचा सा. गंधाराला तिथे जागाच द्यायची नाही, त्याला वर पाठवायचं. तळाशी मोठी भांडी ठेवतो आणि वाट्या वरच्या फळीवर, तसं. शिवाय तुमची सुरावटही जी-डी तारांवर, म्हणजे बाकीच्यांच्याच गर्दीत आहे. ती एक सप्तक वर, ए तारेवर न्या. चेलो तिथे गातो.

कॉर्ड कोणते घेतलेत? सा-ग-प, म-ध-सा आणि प-नि-रे असेच ना?

सायंप्रहर

पश्चिमवारा, तुमचं पहिलं निम्मं मान्य. शेवटच्या ओळीला मात्र माझी कळकळीची हरकत आहे.

भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य. सा रे ग प ध एवढीच पाच घरं. तुम्ही म-ध-सा वाजवलंत की मध्यम आला, प-नि-रे वाजवलंत की निषाद आला. सुरावट भले शुद्ध असेल, पण ऐकणाऱ्याच्या कानात सात सूर गेले आणि भूप तिथेच संपला. ताईंना गंधार ऐकू येत नाही म्हणतात, त्याचं एक कारण हेही आहे. शेजारी शुद्ध मध्यम उभा केल्यावर गंधार टिकेल कसा? गुरुजींनी पहिल्या दिवशी जे दोन सूर टाळायला शिकवले, तेच त्यांच्या स्मरणदिनी कॉर्डमधून परत आणायचे?

पश्चिमवारा

सायंप्रहर, हरकत रास्त आहे, मी त्या अंगाने विचार केला नव्हता. पण मग पाच सुरांत राहूनही दोन कॉर्ड मिळतातच : सा-ग-प आणि ध-सा-ग. एवढ्यावर मांडणी उभी राहील. आलटून पालटून वापरा.

सायंप्रहर

तिथेच खरा धोका आहे हो. ध-सा-ग मध्ये धैवत तळाशी बसतो. भूप आणि देशकार यांचे सूर तेच पाच. संगीतशास्त्री भातखंड्यांनी भूप कल्याण थाटात (रागांच्या गटात) घातला आणि देशकार बिलावलात. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य सूर, गंधार; देशकाराचा धैवत. भूप संध्याकाळ उतरल्यावरचा, देशकार सकाळचा. दोघांमधली भिंत इतकी पातळ आहे की धैवतावर चार मात्रा जास्त थांबलं तरी गाणारा पलीकडे जातो. तुम्ही तर प्रत्येक आवर्तनात धैवताला पाया म्हणून ठेवणार. गंधाराला विसावा, धैवताला स्पर्श, एवढं सांभाळलं तरच तो भूप.

ताई, कॉर्ड पूर्ण काढून टाका असं माझं मत आहे. खाली सा-प आणि वर सुरावट. आपल्या संगीताला एवढं पुरतं.

खर्जवेडी

सायंप्रहर काका, तुमचं वाचून पोटात कालवलं. मी म-ध-सा घेतलाच होता. संगणकाने कॉर्ड सुचवले ते मी तसेच ठेवले. गुरुजींनी ऐकलं असतं तर काही बोलले नसते, नुसतं माझ्याकडे बघितलं असतं. आज रात्रीच ते दोन्ही कॉर्ड पुसून टाकते.

पण मग दुसऱ्या-तिसऱ्या चेलोने काय करायचं? चौघांपैकी दोघं नुसते बसून राहिले तर त्यांना कशाला घ्यायचं?

गजकर

मी पुण्यात चेलो शिकतोय, मूळचा बार्शीचा. एक गंमत कुणी सांगितली नाही म्हणून लिहितो.

चेलोच्या चार तारा सी, जी, डी, ए. पांढरी एकमध्ये सी म्हणजे सा, जी म्हणजे प, डी म्हणजे रे आणि ए म्हणजे ध. चारही मोकळ्या तारा भूपातल्याच! वाद्य जणू भूपासाठी जुळवून ठेवलंय. यातला कुठलाही सूर वाजला की न छेडलेली तार आपोआप थरथरते, सतारीच्या तरफेसारखी. म्हणून पट्टी बदलू नका.

पण सायंप्रहर काकांचा मुद्दा वाचल्यावर मी हातात चेलो घेऊन बसलो आणि घाबरलो. सगळ्यात वरची, सगळ्यात खणखणीत मोकळी तार ए, आणि ती पडते धैवतावर. ए तारेच्या बरोबर मध्यावर बोट नुसतं टेकवलं तर निघतो तोही धैवतच. म्हणजे वाद्य स्वतःहून देशकाराकडे ओढतंय. आणि पाचांपैकी ज्या एकमेव सुराला मोकळी तार नाही तो गंधार!

त्यात आणखी एक. आपण तारा शुद्ध पंचमांनी जुळवतो. सा पासून तीन पंचम चढत गेलं की जो धैवत येतो, तो गंधाराशी नीट जुळणाऱ्या धैवतापेक्षा सुमारे २२ सेंट चढा असतो (पेटीच्या लगतच्या दोन सुरांत १०० सेंट). कानाला हे सहज कळतं. खर्जाच्या सा वर मोकळी ए तार वाजवा, बारीक कडवटपणा येतो. उपाय सोपा आहे : सा खालचा धैवत मोकळ्या तारेवर घ्यायचाच नाही. डी तारेवर चौथ्या पोझिशनला, म्हणजे हात बोटपट्टीवर पुढे सरकवून, पहिल्या बोटाने घ्या. आवाज मऊ येतो आणि सूर हवा तिथे ठेवता येतो.

पांढरी_चार

गजकर यांच्याशी असहमत. गंधाराला मोकळी तार नाही ही अडचण असेल तर पट्टी पांढरी चार घ्या. मग सी म्हणजे प, जी म्हणजे रे, डी म्हणजे ध आणि ए म्हणजे ग. याही पट्टीत चारही तारा भूपातल्या, आणि सगळ्यात खणखणीत तार थेट वादीवर. गंधार ऐकू येत नाही हीच तर मूळ तक्रार आहे.

गजकर

पण मग सा ला मोकळी तार नाही. चौथ्या वादकाला सी तारेवर करंगळी दाबून पूर्ण वेळ खर्ज धरावा लागेल. निवृत्त काकांच्या करंगळीवर ते ओझं नको. आणि मोकळ्या तारेवरचा गंधार मला नको वाटतो. त्याला मींड घेता येत नाही, पंचमावरून घसरत खाली येता येत नाही. भूपाचा जीव त्या प ते ग च्या मींडेत आहे. ए तारेवर एकाच बोटाने पंचमावरून गंधारावर घसरून बघा, तारेचा तेवढाच तुकडा बोटाखाली गरम होतो आणि सूर उतरताना ऐकू येतो.

पांढरी_चार

मींडेचा मुद्दा पटला. खर्जाचाही. नाव बदलायला हवं माझं आता :)

तळ्याकाठी

थोडं अवांतर. चेलो वाजवत नाही, पण माझ्या मुलीचा चेलो पुण्याहून सोलापूरला मी आणलाय, हुतात्मा एक्स्प्रेसने. डबा भरलेला. एवढी मोठी पेटी कुठे ठेवायची? वर फळीवर मावेना, दारात ठेवली तर लोक ढकलत जाणार. कुर्डुवाडीला उतरणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी स्वतःचं गाठोडं मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "बसवा तिला इथं, माझ्याशेजारी." दौंडपासून कुर्डुवाडीपर्यंत त्या बाईंनी एक हात चेलोच्या खांद्यावर ठेवला होता. उतरताना मला म्हणाल्या, "लेकीला सांगा, नीट वाजव म्हणावं."

मुलगी आता परदेशी असते. चेलो इथेच आहे, पूर्ण मापाचा. ताई, तुमच्या क्लासला उपयोगी पडणार असेल तर व्यक्तिगत निरोप करा. नुसता कपाटाआड उभा आहे, बघवत नाही.

खर्जवेडी

तळ्याकाठी ताई, निरोप केलाय. काय बोलू सुचत नाही. पाचवा चेलो!

शेंगाचटणी

म्हणजे आता भाकरी वाढवावी लागणार.

मिरजेची_जवारी

आमच्या घरी तंबोरे बनतात. चेलोतलं कळत नाही, पण ताईंच्या मूळ प्रश्नातल्या गंधाराबद्दल लिहितो, कारण तो आमचा रोजचा विषय आहे.

तंबोऱ्यात प सा सा सा एवढंच जुळवलेलं असतं. गंधाराची तार कुठेच नसते. तरी जवारी, म्हणजे तारेला गुंज देणारी बैठक, नीट लागली की त्यातून गंधार बोलतो, आणि गवई त्यालाच सूर लावतो. याचं कारण असं की कुठलीही तार वाजली की तिच्या मूळ कंपनांच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट सूरही तिच्यातूनच उमटतात. पाचपटीचा सूर म्हणजे गंधार. तुमच्या चेलोचा खर्ज सा सेकंदाला साधारण ६५.४ कंपनांचा. त्याची पाचपट ३२७. हा गंधार तुमच्या खर्जात आधीपासूनच आहे, फुकटात मिळालेला.

आता मोबाइलवरचा ट्यूनर त्याच गंधाराला जवळपास ३२९.६ दाखवतो, कारण तो बाजाच्या पेटीच्या हिशेबाने चालतो. म्हणजे तुम्ही ट्यूनरचा हिरवा दिवा बघून गंधार लावला तर तो खर्जातल्या गंधाराशी सेकंदाला अडीचेक वेळा भांडणार. एकेकाचे सूर तपासले तेव्हा बरोबर होते असं तुम्ही लिहिलंय. ट्यूनरवर तपासले होते ना? शिकाऊ पोरं आमच्याकडे हीच चूक करतात. ट्यूनर बाजूला ठेवा. खर्ज वाजत ठेवा, त्यात गंधार शोधा आणि त्यावर बोट नेऊन ठेवा. बोट तुम्हाला वाटतं त्यापेक्षा थोडं खाली येईल. थरथर थांबली की समजायचं, लागला.

आणि म्हणून म्हणतो, साथीच्या कुणाही चेलोने खाली गंधार वाजवू नये. जो सूर आपोआप येतोय त्याच्यावर दुसरा गंधार टाकला की दोन्ही मरतात.

सायंप्रहर

मिरजकर, साष्टांग नमस्कार. चाळीस वर्षं मी "गंधार तंबोऱ्यातून घ्या" असं विद्यार्थ्यांना सांगतोय. आज त्याचा हिशेब वाचला.

पश्चिमवारा

वाचनखूण साठवली. माझी "वाट्या वरच्या फळीवर" ही उपमा नेमकी याच कारणाने खरी ठरते हे आता कळलं. खाली सा, मग सा, मग प, मग सा, मग ग : पट वाढत जातात तशीच जागा. चांगली मांडणी म्हणजे या क्रमाच्या आड न येणं.

उन्हाचा_तडाखा

कार्यक्रम जानेवारीत आहे म्हणून बरं. तरी सराव वर्षभर चालत असेल तर एक सोलापुरी सूचना. मी एप्रिलमध्ये चेलोची पेटी पत्र्याच्या खोलीत ठेवली होती. चाळीसच्या वर पारा. आठवड्याने उघडली तर खालच्या बाजूचा सांधा सुटलेला, सगळ्या खुंट्या सैल, तारा लोंबताहेत, राळेची वडी कापडाला चिकटलेली. आता प्लॅस्टिकच्या साबणदाणीला भोकं पाडून त्यात ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवतो आणि ती दाणी पेटीत. दर तिसऱ्या दिवशी स्पंज परत भिजवायचा. गेले तीन उन्हाळे सांधा सुटलेला नाही. तळ्याकाठींचा चेलो कपाटाआड उभा होता म्हणतात, तारा ताणण्याआधी सांधे बोटाने वाजवून बघा. सुटला असेल तिथे खडखड आवाज येतो.

मागवाला

ताई, मला रागातलं काही कळत नाही. पूर्व भागात आमचे माग आहेत, लहानपणापासून खटखट ऐकत झोपलोय. पण तुमचं "दुसऱ्या-तिसऱ्या चेलोने काय करायचं" हे वाचलं आणि गप्प बसवेना.

एकाच रंगाच्या सुतात फूल काढायचं असतं तेव्हा आम्ही काय करतो? त्याला आमच्यात सेल्फ डिझाइन म्हणतात. ताणाही पांढरा, बाणाही पांढरा. रंगाने फूल निघणारच नाही. मग वीण बदलायची. जमिनीला साधी वीण, फुलाला सुताची लांब उडी. सूत तेच, पण उजेड पडला की फूल वेगळं चमकतं. नवीन माणूस काय करतो, फूल दिसत नाही म्हणून तिथं जास्त सूत भरतो. मग कापड जाड होतं, फूल काही दिसत नाही.

तुमचे चारही चेलो एकाच रंगाचे आहेत की ओ. सूर वाढवून काय होणार? वाजवायची तऱ्हा बदला.

गजकर

मागवाला दादा, माझ्या सरांनी दोन वर्षांत सांगितलं नाही ते तुम्ही सांगितलंत.

ताई, त्याचा चेलोवरचा अर्थ लिहितो. एकाने गज घोडीजवळ, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तिथे, चालवायचा, म्हणजे वरचे सूर जास्त निघतात, जवारीसारखा धारदार आवाज येतो. एकाने गज बोटपट्टीच्या टोकावर न्यायचा, आवाज बासरीसारखा पोकळ होतो. एकाने गज खाली ठेवून बोटांनी छेडायचं. आणि एकाने नेहमीच्या जागी, भरून. चार जणांचे चार पोत. बघा, छेडण्यात तंबोरा बसतो : जी तार मोकळी म्हणजे प, त्याच तारेवर करंगळीने सा, परत सा, मग सी तार मोकळी म्हणजे खर्ज. प सा सा सा. सातवीतल्या मुलालाही जमेल.

पश्चिमवारा

आणि दुसऱ्या चेलोला साथ द्या. सारंगीवाला कसा गवयाच्या अर्धी मात्रा मागून, थोडं गाळून तेच गातो? पहिल्याने वरच्या सप्तकात ओळ म्हणायची, दुसऱ्याने खालच्या सप्तकात तिचं शेपूट पकडायचं. कॉर्ड नाही, तरी दोन आवाज. पट्टी बदलू नका, पांढरी एकच.

गजाचंही लिहून ठेवा. खर्ज धरणाऱ्याचा गज वळतो तेव्हा क्षणभर आवाज पातळ होतो. तो समेवर वळू नये. पाचवा चेलो येतोय तर दोघांना खर्ज द्या आणि एकाचा गज वळेल तेव्हा दुसऱ्याचा मध्यावर असू द्या.

धृपदप्रेमी

कुणी उल्लेख केला नाही म्हणून : चेलोवर आपलं संगीत ही नवी गोष्ट नाही. नॅन्सी लेश यांनी रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे शिकून चेलोवर ध्रुपद वाजवलंय. सास्किया राव-द हास यांनी तर चेलोच बदलून घेतला, त्याला तरफेच्या तारा लावल्या, आणि त्या जमिनीवर बसून वाजवतात. दोघींच्या वाजवण्यात एक सूर किती वेळ धरायचा याचं भान विलक्षण आहे. ताईंच्या मुलांना आधी ते ऐकवा.

खर्जवेडी

तीन आठवडे इथे फिरकले नाही त्याबद्दल माफ करा. दोन रविवार सगळे मिळून बसलो. सविस्तर लिहिते.

सगळे कॉर्ड काढले. रेल्वेवाल्या काकांना सी आणि जी या दोन मोकळ्या तारा एकत्र, लांब गज, घोडीच्या जरा जवळ. मुलगा छेडतो : प सा सा सा. मुलगी खालच्या सप्तकात साथ करते. मी ए तारेवर, गुरुजींची सरगम. तळ्याकाठी ताईंचा चेलो आला. दोन सांधे सुटले होते, ते चिकटवून घेतलेत. अजून आठ दिवस तारा ताणायच्या नाहीत.

पहिलं आवर्तन मी काहीच वाजवत नाही. नुसता खर्ज आणि छेड. गेल्या रविवारी तिसऱ्या वेळेस खर्ज लागला आणि मुलाने मध्येच हात थांबवला. म्हणाला, "ताई, तुम्ही चालू केलं का?" मी गज मांडीवर ठेवला होता. मुलीचाही गज खाली होता. "मग वर कोण वाजवतंय?" काका एकटेच गज ओढत होते, त्यांनी घाबरून थांबवला आणि वरचा आवाजही थांबला. मग मी काकांना म्हटलं, परत ओढा. परत आला. मिरजकर, तो तुमचा गंधार होता. आम्ही चौघं बराच वेळ नुसतं तेवढंच करत बसलो. त्या दिवशी सरगम झालीच नाही.

आता माझा गंधार त्याच्यावर ठेवायचा सराव करतेय. हाताला चाळीस वर्षांची ट्यूनरची आणि पेटीची सवय आहे, बोट परत परत वर जातं. पण बसतं तेव्हा एकदम कळतं, चेलोची पाठ छातीशी थरथरते.

दोन अडचणी शिल्लक. दुसरा चेलो साथीत खालच्या सप्तकातला गंधार घेतो तेव्हा मुलीच्या चेलोवर तो फुटतो, घोगरा कंप येतो. बाकी सूर स्वच्छ आहेत. आणि अंतऱ्यात ग प ध सां असं जाताना माझा धैवत लांबतो. पोझिशन बदलायला वेळ लागतो म्हणून मी धैवतावर रेंगाळते. सायंप्रहर काका काय म्हणतील ते मला माहीत आहे!

गजकर

घोगरा कंप म्हणजे वुल्फ, लांडगा. पुष्कळ चेलोंना तो गंधाराच्याच आसपास असतो, तुमच्या पट्टीतल्या ग पासून त्याच्या वरच्या दोनेक पडद्यांच्या जागेत. लाकडाच्या पेटीची स्वतःची कंपनं तारेच्या कंपनांशी झगडतात. घोडीच्या खालच्या बाजूला तारेवर छोटी पितळी नळी बसवतात, तिने बराच शांत होतो. तोवर मुलीला दोन्ही गुडघ्यांनी चेलोच्या कडा जरा दाबून धरायला सांगा, आणि तो सूर जी तारेवर घेत असेल तर डी तारेवर घ्यायला सांगा.

शेंगाचटणी

सोलापुरात चार चेलो, आणि त्यात एक लांडगा. धागा वाचून आता मलाही गंधार ऐकू यायला लागलाय असं वाटतं, घरच्या मिक्सरमध्ये शोधत होतो.

सायंप्रहर

ताई, मुलाचा प्रसंग मी घरी मोठ्याने वाचून दाखवला.

अंतऱ्याचं सांगतो. धैवताला टाळू नका, तो संवादी आहे, वादीच्या खालोखाल त्याचा मान आहे. पोझिशनसाठी थांबायचंच असेल तर पंचमावर थांबा आणि धैवताला जाता जाता स्पर्श करून सा वर जा. परत येताना सां ध प ग असं सरळ गंधारापर्यंत या आणि तिथे बसा. ऐकणारा शेवटी जिथे बसतो तेच त्याच्या लक्षात राहतं. आणि एक विनंती : शेवट कॉर्डने करू नका. समेवर या, गज उचला आणि खर्जाला आपोआप विरू द्या.

पश्चिमवारा

शेवटच्या वाक्याला माझंही अनुमोदन, आणि हे मी पहिल्यांदाच लिहितोय. रेल्वेवाल्या काकांचा गज शेवटी झटक्यात उचलायचा नाही, तारेवर थांबवायचाही नाही, तारेवरून हलकेच सोडायचा. मोकळी सी तार नंतरही काही क्षण बोलत राहते.

खर्जवेडी

लिहून घेतलं. अंतऱ्यात पंचमावर थांबून बघितलं, धैवत आपोआप हलका झाला. पितळी नळी पुण्याहून मागवलीय.

तळ्याकाठी ताई, तुमच्या चेलोवर तारा शुक्रवारी चढवणार. मुलीला फोनवर ऐकवायचं असेल तर संध्याकाळी सहाला या, पहिला खर्ज त्याच्यावरच लावू. मागवाला दादा, तुम्हीही या. रविवारी पाच वाजता सराव असतो, खाली चपलांची गर्दी दिसली की समजायचं आम्ही वरच आहोत.

मागवाला

येतो. रविवारी माग बंदच असतात.